बाभळीचा ठोकळा

फौजेतली माझी शेवटची पोस्टिंग पहाडात होती. ट्रान्सपोर्ट कंपनीत मी हवालदार ड्रायव्हर होतो. पहाटे कॉन्व्हॉय निघायच्या आधी प्रत्येक ड्रायव्हर आपल्या गाडीखाली शिरायचा. टायर, ब्रेक, ऑइल, दिवे, स्टेपनी. साहेब एकच प्रश्न विचारायचे, "हाथ से देखा या आँख से?" नुसत्या डोळ्यांनी पाहिलं म्हणणाऱ्याला पुन्हा गाडीखाली पाठवायचे. तेव्हापासून हात लावल्याशिवाय कुठल्याही गाडीवर माझा विश्वास बसत नाही.

आता मी लोहाऱ्याला राहतो. मागच्या महिन्यात नांदेडला लेकीकडे कारने जायचं ठरलं. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून गाडी मुलगा अमोल चालवणार होता. एवढा लांबचा पल्ला त्याचा पहिलाच. मागे त्याची आई, बायको आणि माझी लहानगी नात. अमोलच्या हातांची मला काळजी नव्हती, त्याच्या घाईची होती.

आदल्या संध्याकाळी मी डिक्की उघडली. स्टेपनी गायब. तिच्या जागी तुरीच्या डाळीचा कट्टा ऐटीत बसला होता.

"स्टेपनी कुठं हाये?"

"घरात ठेवली, बाबा. टायर नवेच हायेत. कायले लागते?"

"अन् डाळ कायले लागते?"

उत्तर स्वयंपाकघरातून माझ्या बायकोनं दिलं. "पोरीले नांदेडात आपल्या वावरातली डाळ भेटते का? टायर तं कुठंबी भेटते."

लेकीकडे रिकाम्या हातानं जायचं नसतं, हे मलाही मान्य. पण आमच्याकडचा माणूस डाळीला जागा करायची म्हटली की पहिला हात स्टेपनीला घालतो. मी अर्धी डाळ घरात ठेवली आणि स्टेपनी जागेवर बसवली. बायको जेवणं होईपर्यंत माझ्याशी बोलली नाही. तेवढा अबोला मला परवडतो.

मग अमोलला गाडीभोवती फिरवलं. चारही टायरची हवा पाहिली आणि स्टेपनीचीही, कारण तिची हवा पाहायची सगळे विसरतात. जॅक आहे एवढ्यावर भागलं नाही, तो लावून पाहायला लावला. नातीची सीट मागे पट्ट्यानं आवळून बांधली. ड्रायव्हरच्या पायाशी पाण्याची बाटली दिसली, ती उचलली. गडगडत ब्रेकखाली गेली तर पाय दाबून उपयोग नसतो. मोबाइल सुनेकडे राहील, डोळे जड झाले की गाडी थांबेल, असं ठरलं.

"आता सॅल्यूट मारू का?" अमोलनं विचारलं.

"मार. अन् प्रेमसिंग घेतला का ते पाह."

आमच्या घरी प्रेमसिंग म्हणजे बाभळीचा एक तिरका ठोकळा. गाडी सरकू नये म्हणून चाकामागे लावायचा. तो बनवला लान्स नाईक प्रेमसिंग राठोडनं. माझ्याच कंपनीतला, फुलसावंगीजवळच्या तांड्यावरचा. फौजेकडून मिळालेले ठोकळे बर्फावर घसरतात म्हणून त्यानं सुट्टीत आपल्या धुऱ्यावरची, म्हणजे शेताच्या बांधावरची, बाभूळ तोडली, ठोकळा केला आणि खाली खिळे ठोकून आणला. पूर्ण कंपनी त्याला हसली. तोही हसला.

एके दिवशी पहाडात चढावर कॉन्व्हॉय थांबला होता. रस्त्यावर बर्फ होता. रेडिओ वाजला. तीन नंबरचा ड्रायव्हर आणि पुढून साहेब.

"तीन नंबर गाडी पीछे आ रही है. ओव्हर."

"हँडब्रेक खींचो. ओव्हर."

"खींचा है. पकड़ नहीं रहा. ओव्हर."

तीन नंबरमध्ये जवान बसले होते. मागे चार नंबर प्रेमसिंगची, पाच नंबर माझी. मी दार उघडेपर्यंत तो ठोकळा घेऊन धावला होता. पहिल्यांदा ठोकळा निसटला. त्यानं तो पुन्हा चाकामागे सारला आणि बुटानं दाबून धरला. खिळे रुतले, गाडी थांबली. पण थांबताना तिची मागची बाजू घसरली आणि प्रेमसिंग गाडी आणि कड्याच्या मध्ये दाबला गेला. गाडीतले सगळे जवान आपल्या पायांनी उतरले. प्रेमसिंग हॉस्पिटलपर्यंत पोचला नाही. त्या बर्फाचा मला अजून राग येतो.

ठोकळा मी त्याच्या आईला नेऊन दिला. तिला सगळे याडी म्हणतात, बंजारा बोलीत आई. तिनं तो परत माझ्या हातात ठेवला. "तू गाडी चालवतं. तुले लागन." तेव्हापासून तो माझ्याजवळ आहे.

नांदेडला जाताना आम्ही वाट वाकडी करून याडीकडे तांड्यावर थांबलो. अमोलनं गाडी नीट आणली होती, मी मनात शाबासकी देऊन मोकळा झालो होतो. चहा घेऊन निघालो तर मागचं टायर बसलेलं. बाभळीचाच काटा. अंगण उताराचं. बायकोनं माझ्याकडे पाहिलं आणि डाळ खाली उतरवली. अमोलनं स्टेपनी काढली, जॅक घेतला आणि घरच्या सवयीनं म्हणाला, "बाबा, प्रेमसिंग द्या. चाकाखाली टाकतो."

याडी ओट्यावर बसली होती. तिच्यासमोर ते नाव आम्ही असं कधीच घेतलं नव्हतं. अमोलचा चेहरा उतरला. डिक्कीतून काढलेला ठोकळा माझ्या हातातच राहिला.

याडी काठी टेकत आली. माझ्या हातातला ठोकळा घेतला, खालच्या खिळ्यांवरून बोट फिरवलं.

"याले तुम्ही त्याच्या नावानं हाक मारता?"

"हो, याडी."

ती वाकली. ठोकळा तिनं स्वतः पुढच्या चाकामागे ठेवला आणि पायानं दाबून पाहिला. मग अमोलला म्हणाली, "लाव आता जॅक. तो नाही सरकू देत गाडी."