शटरची आतली बाजू

धारूरच्या पेठेत ईश्वरप्पांच्या किराणा दुकानाचं शटर बाहेरून कायम माखलेलं असायचं. कुठे लाल, कुठे हिरवे फराटे. समोरच माझं शिलाई मशीन. "ह्यांची रंगपंचमी बारा महिने," असं सांगून मी येणाऱ्या-जाणाऱ्याला हसवायची. जीभ माझी पहिल्यापासून तिखट.

ते डाग ईश्वरप्पांच्या सुनेचे, शिवकांताचे होते, हे मला सात वर्षांनी कळलं.

शिवकांता गेवराईची. वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे आणि पोळ्याला गावभरच्या बैलांची शिंगं. डबा धरायला ही सोबत. बाप एकच बजावायचा, "रंग वाळस्तोवर हात लावू नकू." नवी सून म्हणून आली तेव्हा हौसेनं तिने स्वयंपाकघराच्या भिंतीवर बैलजोडी काढली. ईश्वरप्पांनी दुसऱ्याच दिवशी चुना मारून घेतला. "हे पेंटरचं घर न्हाई," म्हणाले. मग तराजू, पुड्या आणि गिऱ्हाईक. माहेरी जायचं म्हटलं तरी दुकानात कोण बसणार, हा प्रश्न ठरलेला.

पुढे ईश्वरप्पांना अर्धांगवायू झाला. बोलणं अडखळलं, पण म्हातारा दुकानातली गादी सोडेना. त्यांना झोप मिळावी म्हणून नवरा योगीराज दुपारी दोन ते चार बाहेरून शटर ओढायचा आणि बोळातून घरी जाऊन आडवा व्हायचा. आत सासऱ्यांपाशी शिवकांता. एक बल्ब आणि समोर शटरचा कोरा पत्रा. एकदा तिने खडूने त्यावर बैल काढला. म्हातारा जागाच होता. ती घाबरून पुसायला धावली, तर म्हणाला, "रंग... लाव."

पोळ्याचे उरलेले शिंगांचे रंग दुकानात होतेच. ती रंगवायची, म्हातारा काठीने चुका दाखवायचा. पण ऑइलपेंट दोन तासांत कुठला वाळायला! चारला शटर वर गुंडाळलं की ओला रंग बाहेरच्या बाजूला लागायचा, चित्र फिसकटायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा दुरुस्ती.

"एक दिस तरी बंद ऱ्हाऊ द्या दुकान," ती नवऱ्याला विनवायची.

"कावून? गिऱ्हाईक काय आपली वाट बघत बसतंय?"

गेल्या महिन्यात ईश्वरप्पा गेले, भर दुपारी, शटर ओढलेलं असतानाच. दुकान तीन दिवस बंद राहिलं. तिसऱ्या दिवशी शिवकांताने मला मागच्या दाराने आत नेलं. शटरभर झुली घातलेले बैल निघाले होते आणि कोपऱ्यात गादीवर रंगवलेला म्हातारा, कपाळाला विभूती, हातात काठी. मी बोट लावलं. खडखडीत वाळलेलं. इतकी वर्षं हसले त्याची मला लाज वाटली.

"शेवटच्या बैलाची शेपूट ऱ्हायली, अप्पा म्हणत होते," ती म्हणाली, "तेवढ्यात मान टाकली." मग तिला रडू फुटलं. "मी रोज मागत होते काकू, दुकान बंद ऱ्हाऊ दे म्हणून. असं न्हवतं मागितलं."

चौथ्या दिवशी योगीराजने शटर वर केलं. "आता दुपारी बंद ठिवायचं कारण न्हाई," म्हणाला. "अप्पासाठीच ठिवत होतो." शिवकांता मान हलवून तराजूपाशी बसली. रात्री शटर पडतं, पण मागच्या दारासकट दुकानाच्या किल्ल्या योगीराजच्या उशाशी असतात.

परवा मी साखर आणायला गेले. पुडी बांधताना ती सारखी वर, गुंडाळलेल्या शटरकडे बघत होती.

"वर काय हाय, ताई? पाल?" एका गिऱ्हाईकाने विचारलं.

"न्हाई," ती म्हणाली. "एक शेपूट ऱ्हायलीय."

गिऱ्हाईक हसलं. मी नाही हसले.