घोड्याच्या डोक्याची मोटार

माझ्या नवऱ्याने मोटारीला लाकडी घोड्याचं डोकं बसवलं, तेव्हा मी अत्यंत शांत होते. (शेजारची म्हातारी काठी टेकत ‘एव्हरीथिंग ओके?’ विचारायला आली, ती काही माझ्या आवाजामुळे नाही. तिला फिरायची सवयच आहे.)

अविनाश मेकॅनिकल इंजिनिअर. शिकागोजवळच्या शॉमबर्गमध्ये जन्मभर नोकरी करून रिटायर झाला आणि महिन्याभरात जुन्या मोटारींच्या नादी लागला. बाकीचे लोक अशा मोटारी विकत घेतात. यानं सव्वाशे वर्षांपूर्वीच्या कुणा विक्षिप्त माणसाचं डिझाइन एका पुस्तकात पाहिलं आणि गॅरेजमध्ये स्वतःच मोटार बांधायला घेतली!

डिझाइन असं, की तेव्हा रस्त्यावर घोडेच घोडे. मोटारीची फटफट ऐकून ते बिथरायचे. म्हणून मोटारीच्या पुढे घोड्याचं डोकं बसवायचं, मानेसकट. म्हणजे खऱ्या घोड्याला वाटणार, आपलाच भाऊबंद येतोय!

“आणि गंमत म्हणजे डोकं पोकळ,” अविनाश म्हणाला. “मूळ कल्पनेत पेट्रोल त्याच्यातच भरायचं होतं.”

“खबरदार! पोकळ डोक्यात स्फोटक माल भरलेला एक नमुना या घरात आहे, तेवढा पुरे!”

पेट्रोलची टाकी सीटखाली गेली. पण गॅरेज गेलं ते गेलंच. दोन हिवाळे माझी गाडी बाहेर बर्फात. रोज सकाळी सहाला मी काच खरवडत होते, आणि आत हीटर लावून नवरा घोड्याची आयाळ विंचरत होता! (आयाळ काथ्याची. माझ्या आयुष्यात त्यानं माझी वेणी घातलेली नाही.)

उन्हाळ्यात गावात जुन्या मोटारींची परेड होती. अविनाशनं नाव दिलं. आणि त्या दिवशी सकाळी ते डोकं उचलून बसवताना त्याची कंबर धरली. काटकोनात वाकलेला नवरा सोफ्यावर आडवा पडला.

“कॅन्सल कर,” मी म्हणाले. खरं तर मनातून मला बरंच वाटलं होतं.

तेवढ्यात परेडवाल्यांचा फोन आला. मीच उचलला. पलीकडचा माणूस हसत म्हणाला, “ती जोकरची गाडी येतेय ना?”

मी अविनाशकडे पाहिलं. फोन स्पीकरवर होता. त्यानं ऐकलं होतं, आणि तो भिंतीकडे बघत होता.

माझं टाळकं सडकलं! माझ्या नवऱ्याला जोकर म्हणायचा हक्क माझा आहे, तो मी लग्नात मिळवलाय!

“येतेय,” मी म्हणाले. “मी चालवतेय.”

अर्धवट बसलेलं घोड्याचं डोकं मी घाईघाईत दोरीनं बांधून टाकलं. या मोटारीला स्टिअरिंग नाही, एक लांब दांडा आहे. तो डावीकडे ढकलला की गाडी उजवीकडे वळते. हे मला परेड सुरू झाल्यावर कळलं. अविनाश शेजारी कमरेला पट्टा बांधून, डोक्यावर गोल हॅट घालून बसला होता. आमची मुलगी रेवा फुटपाथवरून शूटिंग करत सोबत चालली होती.

“डावीकडे!” अविनाश ओरडला.

“दांडा डावीकडे की गाडी डावीकडे?”

“गाडी! म्हणजे दांडा उजवीकडे!”

“मग उजवीकडे म्हण ना!”

“मॉम, यू आर गोइंग टू हिट द बँड!” रेवा किंचाळली.

बँड वाचला. तुतारीवाला मात्र कुणाच्या तरी हिरवळीत जाऊन पडला. आणि तेव्हाच आमच्या पुढे चाललेला पोलिसांचा घोडा थांबला. वळला. आमच्याकडे पाहू लागला.

“बघ!” अविनाश आनंदानं म्हणाला. “बिथरला नाही! डिझाइन सक्सेसफुल!”

बिथरला नाहीच. तो शांतपणे जवळ आला, आयाळ हुंगली आणि खायला लागला! वरची पोलीसबाई लगाम खेचतेय, घोडा काथ्या खेचतोय, आणि एका हिसक्यात अख्खं डोकं मानेसकट उपटून त्याच्या तोंडात! रस्त्याच्या कडेची पोरं रडायला लागली. घोड्यानं घोड्याचं मुंडकं तोडलं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

दोन हिवाळ्यांचा माझा सगळा राग त्या क्षणी वर आला. मी उभी राहिले आणि ओरडले, “मेल्या, गिळतोस काय! सोड! सोड म्हणते ना, गाढवा!”

घोड्यानं लाकडी डोकं खाली टाकलं आणि तो खांबासारखा उभा राहिला.

उभी राहताना माझा पाय ब्रेकवरून निघाला होता, हे मला नंतर समजलं. गाडी आपल्या संथ चालीनं फटफटत घोड्याच्या बाजूनं गेली आणि कडेच्या परीक्षकांच्या टेबलावर आदळली. लागलं कुणालाच नाही. लिंबाच्या सरबताची बरणी तेवढी मुख्य परीक्षकाच्या मांडीवर गेली.

पोलीसबाई धावत आली. मला वाटलं, आता लायसन्स मागणार. ती म्हणाली, “मॅम, काय म्हणालात तुम्ही त्याला? त्यानं आजवर माझंसुद्धा इतकं ऐकलेलं नाही.”

“माझ्यावरही तसाच परिणाम होतो,” अविनाश हॅट सावरत म्हणाला.

घरी पोचायच्या आत रेवाचा व्हिडिओ महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर गेला होता. मंडळाच्या मराठी शाळेत दर रविवारी मी शिकवते. ‘मुलांशी गोड आणि शुद्ध मराठी बोला’ असं पालकांना बजावणारी ती मीच. तीन वर्षं घसा फोडला, पण एका पोराच्या तोंडून मराठीचं एक वाक्य सरळ निघालं नव्हतं.

त्या रविवारी मी वर्गात पाऊल टाकलं आणि चौदा पोरं एका सुरात म्हणाली, “मेल्या, गिळतोस काय!”

मी संतापानं लाल झाले. पण काय करणार! ‘गिळतोस’मधला ळ सगळ्यांचा इतका स्पष्ट होता, की मला प्रत्येकाला दहापैकी दहा द्यावे लागले.