फौजदार मॅडम आणि मिठातले जीव

आमच्या मॅडमचा कशावरच विश्वास नसे. चहात साखर टाकलीय म्हणून सांगितलं तरी घोट घेतल्याशिवाय मान हलवायच्या नाहीत. नांदेडच्या प्रयोगशाळेत आम्ही त्यांना पाठीमागे 'फौजदार' म्हणायचो.

मी देगलूरची. तिथल्या एका गोदामात मीठ लावून ठेवलेल्या कातड्यांवर तांबडे डाग पडत. ते डाग म्हणजे दाट मिठातच जगणारे सूक्ष्मजीव. त्यांच्यातलं कार्बोक्सिलेज नावाचं एंझाइम अन्नाच्या तीन कार्बनच्या तुकड्याला चौथा कार्बन जोडतं. मगच पेशी त्यातून ऊर्जा काढू शकते. ते एंझाइम वेगळं काढणं, हा माझ्या पीएच.डी.चा विषय.

एकदा चाचणी फारच सुरेख आली. मीठ काढून टाकलं तरी एंझाइम जोरात चालत होतं! मी धावत मॅडमकडे गेले. आकडे बघून त्या म्हणाल्या, "मीठ गेलं की यांची प्रथिनं मोडतात. मग हे काम कोण करायलंय?"

"आपलंच एंझाइम आहे, मॅडम."

"कशावरून?"

लातूरच्या विज्ञान परिषदेत मी हे काम मांडणार होते; तिथलं माझं नाव त्यांनी त्याच दुपारी काढून घेतलं. सोबतची शबाना म्हणाली, "तुझं नाव व्हायलंय ते बघवंना त्यान्ला." मलाही तसंच वाटलं. माझं काम दुसऱ्या कुणाच्या हाती जाईल या धास्तीनं मी नळ्या कुलपात ठेवू लागले.

आठवडाभरानं मॅडमनी एक प्लेट माझ्यापुढे सरकवली. मी कुलूप लावायच्या आधीच माझंच थोडं कल्चर घेऊन त्यांनी ते बिनमिठाच्या आगर-जेलीवर पसरलं होतं, आणि त्यावर पिवळे ठिपके उगवले होते. माझा तांबडा जीव तिथे जगूच शकला नसता. मिठात तग धरणारा नि मिठाशिवायही वाढणारा भलताच जंतू शिरला होता. मी त्याचं एंझाइम मिरवत होते.

सगळं पहिल्यापासून केलं. शुद्ध कल्चरमधलं एंझाइम संथ चाललं, पण फक्त दाट मिठात. तरी मॅडमचं समाधान नाही! नळ्यांवरची नावं झाकून त्यांनी तीच चाचणी शबानाला करायला लावली. उत्तर तेच आलं, तेव्हा कुठे त्यांनी मला परिषदेला पाठवलं.

निवृत्त होऊन त्या लातूरला, आपल्या घरी निघाल्या. सामान गाडीत ठेवता ठेवता मी विचारलं, "मॅडम, तुम्ही एवढा संशय का घेता?"

"माझा पहिला पेपर चुकीचा होता," त्या म्हणाल्या. "छापून आल्यावर मलाच कळलं. मीच मागं घेतला. त्याआधी ज्यांनी ज्यांनी वाचला, ते सगळे म्हणाले, लई छान. एकानंही मला अडवलं न्हाई."

त्यांनी काच वर घेतली आणि गाडी निघाली.