जुने गुडघे गावी नेताना

देवाने माणसाला पाय दिले आणि चाक ही माणसाने नंतर केलेली लबाडी, अशी माझ्या साडूंची पक्की श्रद्धा आहे. मुलुंडच्या कारखान्यात जन्मभर लेथपाशी उभा राहिलेला हा माणूस निवृत्तीनंतर तरी बसेल, असं सगळ्यांना वाटलं होतं. पण डॉक्टरांनी दोन्ही गुडघे बदलायला सांगितले आणि साडूंनी जाहीर केलं, की जुने गुडघे एकदा चालत गावी नेतो, मग काय ते बदला. गाव देवगडकडे, त्यांच्या थोरल्या बहिणीचं घर तिथे. सोबत मी जावं असं मेव्हणीने ठरवलं. "भावोजी, तुमचं ते जरा ऐकतात," ती म्हणाली. ते कुणाचंच ऐकत नाहीत, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

मांडव्याला लाँचमधून उतरलो आणि पाठीवर बिऱ्हाड घेऊन किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेला निघालो. ओझं हलकं व्हावं म्हणून साडूंनी माझ्या टूथब्रशचा दांडा कापला, माझा टॉवेल अर्धा केला, आणि स्वतःच्या सॅकमध्ये लोखंडी तवा घेतला. दुसऱ्या तव्यावरची भाकरी त्यांना पचत नाही. उजाडण्याआधी ते तंबूची दोरी सोडायचे. तंबू अंगावर कोसळला की मी लगेच उठतो, हा त्यांचा शोध. मग धुतलेले मोजे सॅकला टांगून ते पुढे, आणि दिवसभर त्या मोज्यांमागे मी. वाट ते भेटेल त्याला विचारायचे आणि उत्तर पटलं नाही तर पुढच्याला. हर्णैच्या अलीकडे एका मासळीवालीने बंदर अजून लांब आहे म्हणून सांगितलं, तेव्हा साडू मला म्हणाले, "तिला वाळूत चालायची सवय नाही." खाडी आली की मला बरं वाटे, पलीकडे नेणाऱ्या तरीत तेवढंच बसायला मिळायचं. संध्याकाळी कुठल्यातरी देवळात नाहीतर शाळेच्या पडवीत आम्ही पायांचे फोड बघत बसायचो. पुढे पुढे तर फोडांबद्दलही बोलण्यासारखं काही राहिलं नाही. वाळू, कातळ, चढ, उतार, आणि पुन्हा वाळू. घरी परत जाऊ या, असं मी रोज मनात म्हणायचो आणि रोज बुटांच्या नाड्या बांधायचो.

गाव एका दिवसाच्या चालीवर आलं आणि त्या सकाळी साडूंचा उजवा गुडघा वाकेना. पडवीच्या खांबाला धरून ते उठले, दोन पावलं टाकली, पुन्हा खांब धरला. मी तेल चोळलं, फडका बांधला. बराच वेळ ते रस्त्याकडे बघत राहिले.

"साडूभाऊ, रिक्षा बघा," ते म्हणाले.

रिक्षात सबंध वाटभर त्यांनी तोंड बाहेर वळवून ठेवलं होतं. गावच्या वेशीवर मात्र त्यांनी रिक्षा थांबवली. माझ्या खांद्यावर हात टाकून, पाय ओढत, घामाघूम होऊन ते बहिणीच्या अंगणात पोचले. पांढऱ्याशुभ्र केसांची ती बाई सूप खाली ठेवून बघतच राहिली.

"मुंबैसून चलत इलंस?" तिने विचारलं.

मला राहवलं नाही. "अगदी चालत," मी म्हणालो.

"खोटां बोलतत ते," साडू खाली बघून म्हणाले. "शेवटाक रिक्षा केलंय."

"बरां केलंस," म्हातारी म्हणाली आणि आत गेली.

तिने गरम पाण्याचं घमेलं आणलं, भावाचे पाय त्यात सोडले आणि खाली बसून त्याचा गुडघा शेकू लागली. शेकता शेकता तिने मला सांगितलं, की लहानपणी हा भारी कंटाळखोर. शाळेतून येताना अर्ध्या वाटेत रडायला लागायचा, मग तीच त्याला पाठकुळी घेऊन घाटीचा चढ चढायची. साडूंनी डोळे मिटले होते. मला वाटलं झोप लागली. पण ते हसत होते.