सुमनकाकूंचं मध्यंतर

सुमनकाकू सिनेमा बघायला बसल्या की मांडीवर सूप घ्यायच्या. सुपात कुळीथ. नजर टीव्हीवर आणि बोटं खड्यांवर. बोटं चालत राहिली तर सिनेमा बेतास बात. बोटं थांबली की समजायचं, सिनेमा चांगला आहे. आणि तो ऐन रंगात आला की काकू रिमोट उचलून टीव्ही बंद करायच्या.

"पुढचा ह्यांच्यासोबत," म्हणायच्या आणि उठायच्या.

काका बोटीवर नोकरीला. सहा-सात महिने समुद्रावर, मग दोन-तीन महिने मिऱ्या गावातल्या घरी. मूलबाळ नाही. काका नसताना काकूंनी सिनेमे अर्धे बघून निवडायचे आणि उरलेला अर्धा दोघांनी मिळून बघायचा, हा व्हिडिओ कॅसेटच्या काळापासूनचा नेम. काका आले की सिनेमा पहिल्यापासून लागायचा. पहिला अर्धा काका टीव्ही बघायचे आणि काकू काकांचा चेहरा बघायच्या. हल्लीच्या घरबसल्या सिनेमांना मध्यंतरच नसतं, तर ते काकू स्वतः घालायच्या. मी शेजारीण. शाळेत शिकवून आले की सिनेमा लावून द्यायचं काम माझं, आणि रंगात आल्यावर चडफडायचं कामही माझंच.

घरी बघायच्या सिनेमाबद्दल त्यांची मतं ठाम होती. माणसं हळू बोलतात तो सिनेमा घरी बघावा, ओरडणारी मेली थेटरात शोभतात. आणि एक मोठी कसोटी: सिनेमात कुणी बसून जेवतं का? "तीन तास नुसती धावतात गो. कुणी भाताला हात लावत नाही. अशांचं मला कसं खरं वाटायचं?" पसंत पडलेल्या सिनेमाचं नाव त्या एका वहीत लिहायच्या आणि पुढे लिहायच्या, 'अर्धा'. काकांसोबत पुरा झाला की तो शब्द खोडायच्या.

गेल्या वर्षी गणपती झाले आणि काकूंचं जेवण तुटलं. दवाखान्यात मीच घेऊन गेले. डॉक्टरांनी मला एकटीला बाहेर बोलावून सांगितलं, आता फार दिवस नाहीत. काकांना कळवलं तर ते म्हणाले, तिला सांगू नको, मी निघतोच. पण बोट भर समुद्रात, आणि पुढच्या बंदरात त्यांच्या जागी दुसरा माणूस चढल्याशिवाय त्यांना उतरता येईना. काकू रोज विचारायच्या, कुठवर आले? मी रोज म्हणायचे, येतायत.

एका दुपारी काकूंना उशाला टेकवून बसवलं आणि एक सिनेमा लावला. सूप होतंच, मूठभर कुळथांचं. दहा मिनिटांत बोटं थांबली. तासाभराने काकूंनी रिमोटकडे हात नेला आणि मी बोलून गेले, "काकू, आज पुरा बघूया की."

बारा वर्षांत मी असं कधी म्हटलं नव्हतं. काकूंनी हात मागे घेतला आणि माझ्याकडे बघितलं.

"डॉक्टर तुला काय बोलले ते कळलं हो मला."

जळली माझी जीभ. मी रडायला लागले, तर त्याच म्हणाल्या, गप बस, पुढचा चुकेल. शेवटपर्यंत बघितला त्यांनी. शेवटी घरातली सगळी माणसं एका पंगतीला बसली. "बघ, जेवली," काकू म्हणाल्या. बराच वेळ त्या नुसत्या सुपाच्या कडेवरून बोट फिरवत राहिल्या. मग वही मागितली, सिनेमाचं नाव लिहिलं, आणि पुढे लिहिलं, 'अर्धा'.

"ह्यांना सांगू नको हो. हिनं वाट बघायची सोडली असं वाटेल त्यांना."

त्या दुपारनंतर नवव्या दिवशी काकू गेल्या. त्यानंतर चौथ्या दिवशी काका आले. त्या दिवशी माझ्याकडे ठेवलेला काकूंचा मोबाईल टेबलावर वाजला. घर जवळ आलं, हातखंब्याच्या फाट्याला पोचले की काका दरवेळी काकूंना फोन करायचे आणि काकू भात टाकायच्या. मी उचलला. "काका," मी म्हटलं. मग काका म्हणाले, "चुकून लागला गो. सवय."

दिवसकार्य उरकल्यावर ते वही घेऊन माझ्याकडे आले आणि शेवटच्या नावावर बोट ठेवलं. मी लावून दिला. तास झाला तसा त्यांनी रिमोट घेतला. "इथवर ना?" मी मान डोलावली. त्यांनी टीव्ही बंद केला. म्हणाले, तिचा राहिलाय, मी एकटा पुढे कसा जाऊ?

नोकरी आता सोडलीय त्यांनी. दर रविवारी येतात, तोच सिनेमा लावायला सांगतात आणि तिथेच बंद करतात. मला दरवेळी सांगावंसं वाटतं, अहो, काकूंनी बघितलाय पुरा, पुढे बघा, सगळी जेवतात शेवटी. पण शब्द दिलाय. आणि सांगितलं तर हा माणूस सुटेल की मोडेल, ते मला आजवर कळलेलं नाही.

मागच्या रविवारी त्यांनी विचारलं, "शेवटपर्यंत वाट बघत होती ना गो ती?"

"हो," मी म्हटलं. एवढं मात्र खरं होतं.

काकांनी रिमोट उचलला आणि टीव्ही बंद केला.