यंत्राचं हँडल

माझ्याआधी आमच्या घरात कोणी शाळेची पायरी चढलं नव्हतं. आई-बाबा बार्शीटाकळीला दुसऱ्याच्या वावरात राबायचे. आम्ही नुकतेच बौद्ध झालेलो. अमरावतीच्या कॉलेजात मी ताठ मानेनं आणि सावध कानांनी वावरायचो.

तिथे आकडेमोडीचं एकच यंत्र होतं, हँडल फिरवून चालणारं. सारा वर्ग पाळीपाळीनं ते वापरायचा. त्या खोलीचे शिपाईकाका खांद्यावर पंचा टाकून शेजारीच उभे असत. कोणी जोर लावला की ओरडत, "दळण दळून राहिला काय बे?"

माझी पाळी संपली की ते पंच्यानं हँडल पुसत. मला ते झोंबायचं. मी पाळीपुरताच आत जायचो आणि तडक बाहेर पडायचो, त्यामुळे इतरांच्या पाळीला काय होतं ते कधी दिसलंच नाही. खोलीत पाऊलच ठेवू नये असं वाटे. पण सरावाशिवाय परीक्षा निघणार नव्हती. एकदा विचारलंच, "काका, माझ्यामागं हँडल काहून पुसता?"

"घामानं गंजते ते. तुले काय वाटलं?"

तेवढ्यात प्राध्यापक आले आणि यंत्रावर हिशेब करत बसले. ते उठायच्या आतच काकांनी पंचा पुढे केला. "सर, हात काढा बरं, पुसू द्या."

सरांनी मुकाट्यानं हात काढला.

"पाह्यलं?" काका मला म्हणाले.

पुढे मी त्या खोलीत मनसोक्त बसलो, संख्याशास्त्रात पास झालो आणि आमच्या घरातला पहिला पदवीधर ठरलो.