बंबापाशी वाचलेली पत्रं

पाहुण्यांशी इतकं गोड बोलणारा आणि त्यांच्याविषयी इतकं कडू लिहिणारा माणूस माझ्या मामेसासऱ्यांखेरीज दुसरा जन्मला नसेल. मामा कादंबऱ्या लिहितात. चिंचवडची हवा चांगली, म्हणून पुण्याचा जो तो त्यांच्याकडे हवापालटाला येई. दारात टांगा थांबला की मामा धावत जाऊन वळकटी उचलत, "महिनाभर तरी सोडायचा नाही!" म्हणत, आणि आत जाऊन नागपूरच्या मित्राला पत्र लिहायला बसत. पत्रसुद्धा कादंबरीसारखं, आधी कच्चं, मग पक्कं. पक्कं टपालात जाई, कच्चं न्हाणीचा बंब पेटवायला माझ्याकडे.

यांना पिंपरीच्या कारखान्यात नोकरी लागली, तेव्हा खोली मिळेपर्यंत आठ दिवस म्हणून आम्ही मामांकडे उतरलो होतो. त्याला सात महिने झाले. कुणी चकार शब्द बोलत नसे, म्हणून तर मला जास्त धास्ती. आमच्याविषयी काय लिहितात ते बघायला मी कागद पेटवण्याआधी वाचू लागले. दुसऱ्याची पत्रं वाचू नयेत हे बहुधा पाचवीत शिकवत असतील. माझी शाळा चौथीत सुटली.

तेव्हा मामांचे जुने शेजारी तात्या मुक्कामाला होते. "तात्या दोनच दिवस म्हणतात. कोणते दोन, ते सांगत नाहीत." "त्यांच्या घोरण्यानं माझ्या नायिकेचा साखरपुडा तिसऱ्यांदा मोडला." "वांगी आवडत नाहीत म्हणाले, म्हणून आठवडाभर वांगीच केली. आता आवडू लागली आहेत." मी पदर तोंडात कोंबून हसायची, आणि खांद्यावर पंचा टाकून तात्या मागंच उभे.

"सूनबाई, तापलं का पाणी?"

"तापतंय हं," म्हणून मी त्यांचाच कागद आत सारायची.

कागदांमागून कागद जळाले, आमचं नाव कुठंच नाही. वाटे, आमच्याविषयीचं इतकं वाईट असेल की मामा ते माझ्या हाती देतच नसतील.

अखेर तात्या गेले. दुसऱ्या दिवशीच्या कागदावर होतं, "तात्या गेले. आता घरात पाहुणं कुणी नाही. आम्ही चौघंच."

मी बोटं मोजली. मामा, मामी. मग हे. मग मी. पुन्हा मोजली. त्या दिवशी बंब नुसत्या गोवऱ्यांवर पेटवला.

पुढच्याच महिन्यात आम्हाला खोली मिळाली. आता सणाला जातो, तेव्हा मामी फडताळातून निळ्या फुलांच्या, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या कपबशा काढतात.

"मामी, रोजच्याच काढा ना," मी म्हणते.

"असू दे गं," म्हणतात, आणि पुसत राहतात.